सेहेचाळीस पॅच

बुडबुडाआजीला स्वस्थ बसलेलं गल्लीत कुणी पाहिलं असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. पायाला भिंगरी आहे म्हणणंही कमीच. भिंगरी निदान कधीतरी थांबते. ही बाई कुणाच्या घरी गेली तरी खुर्चीच्या कडेला टेकते, कान स्वयंपाकघराकडे लावते आणि विचारते, "नळ ठिबकतोय का हो तुमचा?" तो ठिबकत असतोच. मग ती उठते, आत जाते, नळ घट्ट पिळते आणि तिथूनच "येते हं" म्हणून परत निघते. चहा तसाच राहतो.

याला कारण तिची नोकरी. अठ्ठावीस वर्षं तिने फक्त गळती शोधली. शहराच्या टोकाला रबराचा कारखाना होता, तिथे शेकायच्या पिशव्या आणि पोहायच्या ट्यूबा बनत. तयार झालेला प्रत्येक नग हवा भरून तिच्यापुढे यायचा. पुढ्यात कमरेइतकी उंच पाण्याची टाकी. नग पाण्यात दाबायचा, सावकाश फिरवायचा, दहा आकडे मोजायचे आणि बुडबुडा येतो का बघायचं. आला, की नग बाहेर काढून पुसायचा, त्या जागेभोवती निळ्या मेणखडूने गोल काढायचा आणि पलीकडच्या टेबलावर सरकवायचा. दिवसाला चारशे नग. घरी उकळत्या दुधात बुडबुडा दिसला तरी तिचा हात खिशातला खडू चाचपायचा. कारखान्याने तिला बुडबुडाबाई हे नाव दिलं, आणि नात झाल्यावर बाईची आजी झाली, एवढाच काय तो फरक.

पलीकडच्या टेबलावर पॅचमास्तर बसायचे. निळा गोल दिसला, की तेवढी जागा पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन लावायचं, फुंकर मारून वाळवायचं, रबराचा तुकडा बसवायचा आणि अंगठ्याने मधून कडेपर्यंत दाबत न्यायचा. मग नग परत तिच्याकडे. ती पुन्हा बुडवून बघायची आणि गोलात बरोबरची खूण करायची. पहिली दोन वर्षं दोघांत एका शब्दाचं बोलणं झालं नाही. मग एक दिवस मास्तर जागेवरून उठून आले आणि म्हणाले, "तुम्ही गोल फार मोठा काढता." ती म्हणाली, "तुम्ही पॅच फार लहान लावता." सहा महिन्यांत लग्न झालं. कारखान्यात कुणालाच नवल वाटलं नाही.

आता दोघंही निवृत्त. मास्तरांनी निवृत्ती छान अंगवळणी पाडून घेतली. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी शेजारच्या शिंप्याच्या ओट्यावर गप्पा, आणि गप्पांत एकच पालुपद: "एकतीस वर्षं पॅच लावले, एकही परत आला नाही." आजीचे हात मात्र शिवशिवत राहिले. गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या मैत्रिणीच्या नातवाच्या वाढदिवसाला तिने सहज म्हणून कारखान्यातून आणलेल्या बाद पिशव्यांना भोकं पाडली, पोरांच्या डोक्यावर एकेक दिली आणि अंगणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या बादलीत पाणी न्यायला लावलं. पाणी वाटेतच पोरांच्या मानेवर, कानांत, पाठीवर. ज्याच्या बादलीत जास्त पाणी तो जिंकला. कोण जिंकलं ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. पोरं पुन्हा पुन्हा धावत राहिली. तेव्हापासून तिला हे वेडच लागलं. आयुष्यभर जी गळती हात धुऊन मागे लागून शोधली, ती आता स्वतःच्या हाताने पाडायची. तिला त्यात चोरटी गंमत वाटे.

पण या खेपेचा वाढदिवस गमतीचा नव्हता. हा मुंगीचा होता.

मुंगी म्हणजे तिची नात, लेकीची लेक, वय पुरं सात. लेक चार महिन्यांपूर्वी संसार आवरून माहेरी आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि आईबापांनी विचारलं नाही. ती औषधाच्या दुकानात कामाला लागली. मुंगीला नवी शाळा मिळाली, नवं दप्तर मिळालं. मैत्रीण मात्र एकही मिळाली नाही. गल्लीत पोरांची टोळी होती आणि टोळीची म्होरकी म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली दोन वेण्यांची मुलगी. वय नऊ, पण मिजास अशी की मोठी माणसंसुद्धा तिला वाट देत. महिन्याभरापूर्वी तिच्या वाढदिवसाला भाड्याची हवेची घसरगुंडी आली होती, वरून पाणी सोडलेली. सगळ्या गल्लीला बोलावणं होतं. मुंगीला नव्हतं. मुंगी भिंतीपाशी बादली उपडी घालून तिच्यावर उभी राहिली आणि दोन तास बघत राहिली. आजीने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी आजीने घरातला एकेक नळ इतका पिळला की संध्याकाळी मास्तरांना पक्कड लावून उघडावे लागले.

"तुझ्या वाढदिवसाला आपण सगळ्यांना बोलवू," ती मुंगीला म्हणाली. "त्यांच्यापेक्षा भारी खेळ करू."

"ते नाही आले तर?"

"येतील."

"आले आणि हसले तर?"

या प्रश्नापायी गेले पंधरा दिवस आजीच्या जिवाला चैन नव्हतं. या एका दुपारी पोरं रमली, तर सुट्टीचे उरलेले दिवस मुंगीचे. हसून निघून गेली, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती त्या बादलीवरच उभी राहणार. पोरांच्या टोळीत दुसरी संधी देत नाहीत, हे आजीला पक्कं ठाऊक होतं.

त्यात घरात अबोला. नऊ दिवस झाले होते. शिंप्याच्या ओट्यावर मास्तरांनी नेहमीप्रमाणे एकतीस वर्षांचं पालुपद लावलं, पाचसहा माणसं नेहमीप्रमाणे माना डोलवू लागली, आणि आजी तिथे उभी होती, वाढदिवसाच्या काळजीने आधीच वैतागलेली. तिच्या तोंडून निघून गेलं, "एक आला होता परत."

सगळे हसले. शिंपी तर इतका हसला की त्याच्या तोंडातली टाचणी पडली. मास्तर हसले नाहीत. "कधी?"

"तुमच्या नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी. दुकानातून आली पिशवी. मी टाकीखाली सरकवली आणि त्यांना नवी पाठवली. तुम्हाला कशाला उगाच..."

मास्तरांनी कप खाली ठेवला आणि घरी निघून आले. तेव्हापासून त्यांच्या तोंडाला कुलूप. रागाने आरडाओरडा केला असता तर आजीने चालवून घेतला असता. पण ते नुसतेच गप्प. पेपरसुद्धा पानांचा आवाज न करता वाचायचे. शब्द जिव्हारी लागला होता, आणि लावणारी आपणच, हे तिला रोज सकाळी उठल्याबरोबर आठवे. माफी मागायला ती दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि दोनदा "ताट वाढू का" विचारून परत आली.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी आठालाच तिने अंगणात मांडामांड सुरू केली. दहा बाद पिशव्या काढल्या. प्रत्येकीवर निळ्या मेणखडूने तीन गोल काढले, कारण गोल काढल्याशिवाय तिचा हात पुढे सरकतच नसे. मग चुलीवर दाभण तापवून गोलाच्या बरोबर मध्ये भोक. नंतर ट्रकची जुनी ट्यूब घेतली. तिच्यावर सोळा गोल, सोळा भोकं. ट्यूबच्या तोंडाला बागेचा पाइप तारेने आवळला. नळ सोडला की सोळा कारंजी उडणार आणि पोरं त्यांच्यात नाचणार. खरं तर हीच तिची मोठी बाजी होती. मुंगीने आदल्याच दिवशी दोन वेण्यावालीला सांगूनही टाकलं होतं, "आमच्याकडे पाण्याचा राक्षस आहे, त्याला सोळा तोंडं आहेत." दोन वेण्यावाली म्हणाली होती, "बघू."

दहा वाजता सगळं बाकावर ठेवून ती मुंगीला घेऊन बाहेर पडली. आधी घरोघरी जाऊन पोरांच्या आयांना पुन्हा आठवण केली. तीनतीनदा आठवण केल्यामुळे आयाही आता दार अर्धवटच उघडत होत्या. मग स्पंज आणायला शहराच्या त्या टोकाला गादीवाल्याकडे. त्याने "पाच मिनिटं" म्हणून दीड तास बसवून ठेवलं. बसवून म्हणजे काय, आजी दुकानात येरझारा घालत होती आणि मुंगी गाद्यांच्या ढिगावर बसून तिच्या फेऱ्या मोजत होती. परतीची बस आली नाही. दुसरी आली ती भरलेली. तिसरी मिळाली आणि तीन थांब्यांनंतर बंद पडली.

"आजी, किती वाजले?"

"वाजू देत."

"चार वाजता येणार ना ते?"

"चारला म्हणजे साडेचारला येतात माणसं," आजी म्हणाली. हे मोठ्या माणसांबद्दल खरं होतं. शेवटचे दोन थांबे दोघींनी जवळजवळ पळत कापले, स्पंजांची गोणी दोघींच्या मध्ये उसळत.

फाटक उघडलं तेव्हा पावणेचार वाजले होते. अंगणात मास्तर उभे होते. धुतलेला शर्ट, केस चापून बसवलेले, बोटं मात्र काळी. बाकावर दहा पिशव्या एका रांगेत, गोल वरच्या बाजूला, जशा कारखान्यात त्यांच्या टेबलावर असायच्या तशा. शेजारी ट्यूब. शेजारी तिचा निळा मेणखडू, टोक काढलेला.

आजीने एक पिशवी उचलली. तिच्यावरच्या तिन्ही गोलांत पॅच. दुसरी उचलली. पॅच. ट्यूब फिरवून बघितली. सोळाच्या सोळा. एकूण सेहेचाळीस भोकं तिने सकाळी पाडली होती आणि सेहेचाळीसही बंद झाली होती, कडा नखाला लागू नये इतकी सफाईने.

तिला आधी काही कळेचना. मग एकदम सगळं कळलं. मास्तरांनी पेपर संपवून बाहेर पाहिलं असणार. तिचे भोकांचे खेळ दुसऱ्यांच्या अंगणात होत, ते त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांना दिसले निळे गोल. एकतीस वर्षं निळ्या गोलाचा एकच अर्थ होता. नऊ दिवस घरात अबोला होता आणि आज तिने बाकावर काम ठेवलं होतं. त्यांनी ते पत्र समजून वाचलं आणि दुपारची झोप मोडून, चार तास पाठ मोडून, त्याला उत्तर लिहिलं. आता ते उभे होते, तिने बुडवून बघावं आणि बरोबरची खूण करावी म्हणून.

"आजी," मुंगी कुजबुजली, "भोकं कुठं गेली?"

आजीच्या डोक्यात तिडीक गेली. ओरडावं, डोकं आपटावं, या माणसाला विचारावं की वाढदिवस आहे हे दिसत नव्हतं का. ती तरातरा आत गेली, चूल पेटवली, दाभण हातात घेतलं. वीस मिनिटांत निदान ट्यूबची भोकं तरी मोकळी होतील. ती दाभण ज्योतीवर धरून उभी राहिली आणि खिडकीतून तिला मास्तरांची पाठ दिसली. ते बाकावरची एक पिशवी, जराशी तिरकी झाली होती ती, सरळ करत होते.

यांच्यादेखत त्या पॅचमध्ये तापलेलं दाभण खुपसायचं? ओट्यावरचा एक शब्द त्यांना नऊ दिवस पुरला होता. हे किती दिवस पुरलं असतं? आणि नाही खुपसायचं, तर त्या पोरीचं काय?

तिला ठरवायला वेळच मिळाला नाही. फाटक वाजलं. पोरं चारला पाच मिनिटं असतानाच आली होती, अकराच्या अकरा, जुने कपडे घालून, पुढे दोन वेण्यावाली. तापलेलं दाभण आणि अंगणभर पळणारी पोरं, हे एकत्र नांदत नाही. आजीने चूल विझवली.

पहिली दहा मिनिटं स्पंजांनी निभावली. पोरांनी ते बादलीत बुडवून एकमेकांच्या तोंडावर मारले, आणि मुंगीलाही दोन लागले. मुंगी खूश झाली. मग दोन वेण्यावाली हात कमरेवर ठेवून म्हणाली, "सोळा तोंडांचा राक्षस कुठंय?"

मुंगीने आजीकडे पाहिलं. आजीने काही सुचेना म्हणून नळ सोडला. ट्यूब हळूहळू फुगली. आणखी फुगली. गलेलठ्ठ झाली आणि तशीच पडून राहिली. एक थेंबही बाहेर आला नाही.

"एवढंच?" एकजण म्हणाला.

"तोंडं झाकलीत त्याची," दुसरी खिदळली.

"खोटारडी," दोन वेण्यावाली म्हणाली, फार मोठ्याने नाही. ती पायरीवर जाऊन बसली आणि सँडलचा पट्टा लावू लागली. तिचं बघून आणखी दोघी बसल्या. मुंगी ट्यूबजवळ उभी होती. तिचा खालचा ओठ आत गेला होता, म्हणजे आता रडू येणार होतं.

आजीचा जीव टांगणीला लागला होता, आणि अशा वेळी तिचं तोंड डोक्याच्या आधी चालतं. ते आत्ताही चाललं.

"थांबा!" ती ओरडली. "खेळ अजून सुरूच कुठं झालाय?" आणि ती मास्तरांकडे वळली. "अहो, इकडे या. या पोरांना सांगा. हे सेहेचाळीस पॅच तुम्ही लावलेत ना?"

ताट वाढण्याखेरीज नऊ दिवसांतला हा पहिला प्रश्न. मास्तरांनी सगळ्या पोरांकडे एकदा पाहिलं. "लावलेत."

"यातला एकही गळत नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

मास्तरांचे कान लाल झाले. ओट्यावर झाले होते तसेच. "नाही गळत."

"मी म्हणते, एक तरी गळतो!" आजीने छातीवर हात मारला. "अठ्ठावीस वर्षं मी यांच्या चुका धरल्यात. पोरांनो, हा पाण्याचा टब, या पिशव्या. ज्यांना वाटतं आजोबा खरे, ते त्यांच्या बाजूला. ज्यांना वाटतं आजी खरी, ते माझ्या. गळका पॅच सापडला, तर आजोबांच्या डोक्यावर सगळ्या बादल्या ओतायच्या. नाही सापडला, तर माझ्या डोक्यावर."

दोन वेण्यावालीचा हात सँडलवर थांबला. मोठ्या माणसाच्या डोक्यावर पाणी ओतायला मिळणं ही गोष्ट भाड्याच्या घसरगुंडीत नव्हती.

"गळका कसा ओळखायचा?" तिने विचारलं.

आजी तोंड उघडणार तेवढ्यात मुंगी बोलली. "मला येतं." आणि तिला येतच होतं. चार महिने दुसरं कुणी खेळायला नसल्यामुळे तिने आजीच्या शेजारी बसून हेच केलं होतं. "हवा भरून दाबायचं. हळू फिरवायचं. दहापर्यंत मोजायचं. एकच बुडबुडा आला तर तो खोटा, तो घडीत अडकलेला असतो. खरा असतो तो माळेसारखा येतो, एकामागे एक."

मग जो गोंधळ सुरू झाला तो काय सांगावा. सात पोरं आजीकडे, चार आजोबांकडे, आणि मुंगी मध्ये पंच. मास्तर पंपाने एकेक पिशवी फुगवून, बूच लावून हातात द्यायचे. चौघं मिळून ती टबात दाबायची. ती सुळकन निसटून कुणाच्या तरी नाकावर आपटायची. टबातलं अर्धं पाणी बाहेर, अर्धं पोरांच्या अंगावर. "आला, आला बुडबुडा!" की मुंगी गुडघ्यांवर बसून नाक पाण्याला लावायची. "खोटा!" आजोबांची बाजू नाचायची. लेक केकचं खोकं घेऊन कामावरून आली ती फाटकातच भिजली.

पण पिशव्या संपत चालल्या. चार झाल्या, सहा झाल्या. ट्यूब तर पाणी काढून, हवा भरून तुकड्यातुकड्याने फिरवून झाली, सोळाच्या सोळा पॅच पक्के. आठवी पिशवी. नववी. पोरांचा आवाज उतरला. "नाहीच गळत," आजोबांच्या बाजूचा एकजण जांभई देत म्हणाला, "चला ओता आजीवर, मग जाऊ घरी." दोन वेण्यावालीने पुन्हा सँडल शोधायला मान वळवली. अकरा पोरं एकही खरा बुडबुडा न बघता गेली, तर "मुंगीकडे काहीच झालं नाही" एवढंच उद्या गल्लीत उरणार होतं.

आजीचा हात कपड्याला लावलेल्या सेफ्टी पिनेकडे गेला. दहावी पिशवी मास्तरांच्या हातात होती. ती तिथून घ्यायची, बूच बघितल्यासारखं करायचं आणि पॅचच्या कडेला टोचायचं. क्षणाचं काम. तिने पिन उघडलीसुद्धा. पण तिने आयुष्यात खोटा गोल कधी काढला नव्हता. ज्याचे पॅच एवढे पक्के निघाले त्या माणसाला फसवून पुन्हा चारचौघांत खाली बघायला लावायचं, हे तिच्याने होईना. तिने पिन बंद केली आणि रडवेली होऊन मुंगीकडे बघत राहिली.

मास्तर मात्र सावकाश पंप मारत होते. त्यांनी बूच लावलं, पिशवी उलटसुलट करून पाहिली, अंगठा फिरवला, आणि या वेळी पोरांच्या घोळक्याकडे न देता सरळ मुंगीच्या हातात ठेवली. "ही राहिली बघ. तूच बुडव."

मुंगीने पिशवी पाण्यात दाबली. दोन वेण्यावालीने दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चारावर एक बुडबुडा आला. पाचावर दुसरा. मग तिसरा, चौथा, आणि मग नुसती माळच.

"खरा!" मुंगी किंचाळली. "हा खरा आहे!"

पुढचं कुणी नीट सांगू शकणार नाही. दोन वेण्यावालीने मुंगीला कमरेला धरून उचललं होतं, एवढं नक्की. मुंगीने ओल्या पिशवीवर निळा गोल काढला, वाकडा, बटाट्यासारखा. मग प्रत्येकाला गोल काढायचा होता म्हणून मास्तरांच्या शर्टावरही निघाले. बादल्या भरल्या गेल्या. मास्तर स्टुलावर बसले, चष्मा काढून लेकीकडे दिला आणि बारा बादल्या मुकाट्याने डोक्यावर घेतल्या. प्रत्येक बादलीला "आजोबा हरले!" असा गजर होत होता आणि शिंपी भिंतीवरून मान काढून विचारत होता, "मास्तर, म्हणजे दोन झाले का?"

"दोन झाले!" मास्तर पाण्यातून ओरडले.

पोरं दिवेलागणीपर्यंत हलली नाहीत. त्यांनी घरातून फुटके चेंडू, जुन्या चपला, सायकलच्या ट्यूबा, काय वाटेल ते आणून बुडवलं. जाताना दोन वेण्यावालीने विचारलं, आजीला नाही, मुंगीला, "उद्या पण करायचं का? तुमच्याकडेच?"

सगळे गेल्यावर लेकीने मुंगीला पुसायला आत नेलं. आजी आवरायला लागली. टबाच्या तळाशी दहावी पिशवी होती. तिने ती उचलली, पुसली आणि सवयीने उजेडाकडे धरली.

पॅचची एक कड उचललेली होती. स्वतःहून सुटलेल्या पॅचखाली रबर मळकट असतं, धूळ बसलेली असते. ते तिने हजार वेळा पाहिलं होतं. इथे खालचं रबर लखलखीत होतं, आत्ताच सोलल्यासारखं. आणि कडेला चंद्रकोरीएवढी अंगठ्याच्या नखाची खूण.

तिने मान वर केली. मास्तर पायरीवर बसून टॉवेलने डोकं पुसत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"एकोणिसाव्या वर्षीची ती," ते म्हणाले. "कुठून सुटली होती?"

"कडेने," ती म्हणाली. "चुकलंच माझं. मी असं सगळ्यांसमोर..."

"कडेनेच सुटतो." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "अजून आहे ती?"

"ट्रंकेत. तळाशी."

मास्तरांनी मान हलवली. आजीने दहावी पिशवी काखेत घेतली, आत जाऊन ट्रंक उघडली, तळाशी एक जुनी पिवळी पडलेली रबरी पिशवी होती तिच्याशेजारी ठेवली आणि झाकण लावलं. मग बाहेर आली. करण्यासारखं पुष्कळ पडलं होतं. टब उपडा करायचा, स्पंज पिळायचे, पाइप गुंडाळायचा.

"बस जरा," मास्तर म्हणाले.

ती बसली. पायरीच्या कडेला नाही, नीट, भिंतीला पाठ टेकून, त्यांच्या ओल्या खांद्याशेजारी. आतून मुंगी आईला तेच तेच सांगत होती, एकच बुडबुडा आला तर तो खोटा. मग आजीचे कान टवकारले आणि ती गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली.

"अंगणातला नळ ठिबकतोय वाटतं."

मास्तरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"ठिबकू दे," ते म्हणाले.